बाबांनी सेव्ह केलेला उजेड

माझ्या वेबकॅमला विसरायची खोड आहे. वायर काढली की त्याला काही म्हणता काही आठवत नाही. गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून मी नववी-दहावीच्या मुलींना गणित शिकवते. कोणी केशोरीची, कोणी कोहमाऱ्याची, सगळ्या मोबाइलवर. कॅमेरा त्याच्या मर्जीवर सोडला तर पांढरा कागद समोर धरताच मी काळाठिक्कर डाग, आणि कागद खाली घेतला की भूत. शेवटी वैतागून एक अख्खी दुपार घालवली आणि उजेड, रंग, कॉन्ट्रास्ट असे सगळे आकडे हाताने बसवले. मागची हिरवी भिंत हिरवी दिसली आणि मी काळी दिसले. उगाच सावळी-बिवळी नाही, आहे तशी काळी. मला बरं वाटलं.

पण रोज ते आकडे कोण बसवणार? माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. त्यात काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली की कॅमेऱ्याचे त्या घडीचे सगळे आकडे एका फाइलमध्ये जाऊन बसतात. दुसरी ओळ टाइप केली की फाइलमधले आकडे परत कॅमेऱ्यात येतात. दोन्ही ओळी, फाइलच्या नावासकट, मी कागदावर लिहून बाबांसाठी भिंतीला चिकटवल्या. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. फरशी पुसताना वायर निघायची, मग क्लासच्या आधी बाबा चष्मा लावून एकेक अक्षर शोधत दुसरी ओळ टाइप करून ठेवायचे.

बाबांची सगळी नोकरी गोंदियातल्या एका फोटो स्टुडिओत झाली. "भैया, जरा साफ कर देना," म्हणत फोटोत गोरं करून मागणाऱ्या गिऱ्हाइकांच्या ते घरी येऊन नकला करायचे आणि आम्ही हसून हसून लोळायचो. माझा एकही फोटो त्यांनी कधी साफ केला नाही. मैत्रिणींना मी हे मोठ्या तोऱ्यात सांगायची.

एका रविवारी नागपूरच्या स्थळाशी व्हिडिओ कॉल ठरला. पाहुण्यांसमोर मागची खोली कशी चालेल, म्हणून बाबांनी कॉम्प्युटर समोरच्या खोलीत नेला, कॅमेरा लावला, सगळं स्वतः केलं. मी बसले तेव्हा पडद्यावर माझं छोटं चित्र दिसत नव्हतं. "मीच काढलो ते," बाबा म्हणाले. "सोताकडे पाहत नोको बसू, त्याइच्याकडे पाहा." मला ते पटलंसुद्धा. मुलगा साधा वाटला, त्याची आई भरभरून बोलली. पुढच्या रविवारी येतो म्हणाले. त्या संध्याकाळी मी चक्क गुणगुणत भांडी घासली.

सोमवारी बाबांनी कॉम्प्युटर परत मागच्या खोलीत आणून नेहमीसारखी दुसरी ओळ टाइप करून ठेवली आणि मी क्लास सुरू केला. गणित फळ्यावर घेतच होते, तेवढ्यात केशोरीची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आज तुमी अशा पांढऱ्या पांढऱ्या काऊन दिसून राहिल्या? तब्येत बरी नाही का?"

मी स्वतःचं छोटं चित्र पडद्यावर परत आणून पाहिलं. भिंत पोपटी झाली होती आणि तिच्यापुढे पिठात बुडवून काढलेली कोणी बाई बसली होती.

क्लास कसाबसा संपवून फाइल उघडली. उजेडाचा आकडा जवळजवळ दुप्पट, रंगाचा अर्ध्यावर. फाइल बदलल्याची वेळ रविवारची, कॉलच्या तासभर आधीची. खोली बदलताना वायर निघणार, म्हणून नवे आकडे सेव्ह करणं भागच होतं. पण सेव्ह करायची बाबांना कागदावरची तेवढीच ओळ येत होती आणि त्या ओळीत नाव एकच होतं, माझ्या फाइलचं. नवे आकडे थेट माझ्या आकड्यांवर जाऊन बसले होते. वेगळं नाव द्यायचं त्यांना सुचलं असतं तर मला जन्मात कळलं नसतं. छोटं चित्र का काढलं तेही आता कळलं.

बाबा बाजारात गेले होते. मी भिंत पुन्हा हिरवी होईपर्यंत आकडे उतरवले आणि मुलाच्या आईला, त्या काकूंना, व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"बेटा, लाइट नाही का तिकडे आज?"

"आहे ना, काकू. काल जास्त झाला होता. मी अशी आहे."

"अच्छा," त्या म्हणाल्या. "मग रविवारचं आम्ही विचारून कळवतो." ते पुढे कोणी कळवलं नाही.

बाबा आले, पिशवी ठेवली. मी फाइल दाखवली. ते नाही म्हणाले नाहीत.

"तुले सुख लागावं म्हणून केलो, बाई. थोडा उजेडच त वाढवलो."

"आणि ते इथे आल्यावर?"

"आल्यावर पाहिलं असतं. तू बोलली असती, हासली असती. मंग कोण रंग पायते?"

"किती वाढवायचं ते कसं ठरवलं? मी तर आंघोळीला गेले होते."

त्यांनी पिशवीतली वांगी काढून सुपात ठेवली. मग म्हणाले, "तुझा रंग माझाच होय ना. मीच बसलो खुर्चीवर, क्यामेऱ्यासमोर. मी चांगला दिसेपर्यंत वाढवत गेलो."

त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तर मला दया आली असती. मला नुसता राग आला, आणि तो अजून आहे. ह्या घरात निदान एक माणूस असा आहे की ज्याला माझ्या चेहऱ्यात काही सुधारायचं नाही, ह्या भरवशावर मी बत्तीस वर्षं मान वर करून चालले. तो माणूस स्वतःच्याच चेहऱ्याला वैतागलेला होता, आणि तोच चेहरा त्याने मला दिला होता.