ओळखीच्या तोंडाला भिक्षा नाही

भाजलेल्या मक्याचा वास आला तशी मी जरा सैलावले. भाचीनं मला बंगळुरात पेरू देशाच्या हॉटेलात नेलं होतं. अंधारं अंधारं, गुळगुळीत मेजांचं, हळू बोलायचं हॉटेल. बसल्याबरोबर त्यांनी टपोरे दाणे मीठ लावून पुढं ठेवले. पाठोपाठ लिंबाचा आणि ओल्या मिरचीचा घमघमाट. कच्च्या मासळीवर लिंबू पिळून ती तशीच खातात म्हणे तिकडं. भाचीनं मिटक्या मारत खाल्ली, मी तिकडं बघितलंही नाही. माझ्यापुढं आला पिवळ्या बटाट्याचा थापलेला गोळा, परातीएवढ्या पांढऱ्या थाळीत मधोमध मूठभर. वाढणारा पोरगा ओडिशाचा होता, पण कमरेत लवून असा काही सांगत होता की जणू जगाला बटाटा त्याच्याच आजोबांनी दिला. मी त्याला जन्मात पुन्हा दिसणार नव्हते. तरी केवढं ते अगत्य! अनोळखी माणसापुढं इतकं लवून वाढताना मी याआधी फक्त माझ्या आईला पाहिलं होतं. ती आठवली आणि हातातला घास हातातच राहिला.

आमचं घर गाणगापुरात, देवळाकडं जाणाऱ्या बोळात. वडील यात्रेकरूंना खोल्या देत आणि दोन वेळचं जेवू घालत. त्या गावात दुपारचा मान मोठा. दत्तमहाराज रोज भर दुपारी कुठल्या तरी रूपानं भिक्षेला फिरतात, ही तिथली श्रद्धा. म्हणून त्या वेळेला दारी आलेल्याला कुणी विन्मुख पाठवत नसे. यात्रेकरूही पाच घरं मागून खात, त्याला माधुकरी म्हणत. सोलापूर-पुण्याकडून मोटारीनं आलेल्या बायका, अंगावर भारी लुगडी, हातात पितळी ताट, लाजत-हसत उंबऱ्याशी उभ्या राहत आणि मागत. भरल्या पोटानं भीक मागायची हौस, दुसरं काय! पण आई त्यांना दोन्ही हातांनी वाढायची. वाढून झालं की पदर सावरून पाया पडायची, कुणाच्या रूपानं कोण आलं असेल काय सांगावं. ऊन बोळात सरळ उतरलेलं असायचं, देवळातली घंटा वाजायची, तुपाचा वास दारापर्यंत यायचा. मला ती वेळ फार आवडायची, खोटं कशाला बोलू.

त्याच वेळेला एक आक्का यायची. औरादकडची. लग्नाला वर्षं झाली तरी मूलबाळ नाही, तेव्हा हिला बाहेरची बाधा झालीय असं सासरच्यांनी ठरवून टाकलं, तिला सेवेला म्हणून गाणगापुरी आणून बसवलं आणि संगमावर अंघोळ करून येतो म्हणून जे गेले ते गेलेच. माहेरी कुणी उरलेलं नव्हतं. ती देवळाच्या ओवरीत निजायची आणि माधुकरीवर जगायची. सुरुवातीला आईनं तिला पोळ्या वाढल्या, पायाही पडली. मग हळूहळू बोळाला सगळी हकिकत कळली. टाकलेली बाई, औरादची, अमक्या घरची. त्या दिवसापासून वाढप आटत गेलं. आधी तूप गेलं, मग पोळीची शिळी भाकरी झाली, मग आई तिला बघून न बघितल्यासारखं करू लागली. मी एकदा विचारलं, कामून देत न्हाईस तिला? आई शांतपणे म्हणाली, "ती भूक लागली म्हणून येती. देवाला भूक लागती व्हय?" शेजारणींनाही हे पटलेलं होतं. हिशेब अगदी सरळ होता. अनोळखी माणसात देव असू शकतो. जिची सात पिढ्यांची माहिती आपल्याला आहे, तिच्यात तो कुठून येणार? रोज नव्या माणसांसाठी परातीच्या पराती पुरण शिजायचं, आणि आक्काच्या गळ्याची हाडं दिसू लागली होती.

दत्तजयंतीच्या दिवसांत गाव फुलून गेलं होतं. त्या साली थोरल्या बहिणीचं लग्न काही केल्या जमत नव्हतं आणि आईनं महाराजांना गाऱ्हाणं घातलं होतं, एकदा माझ्या दारी या. ऐन दुपारी दारात एक आकृती येऊन उभी राहिली. डोक्यावरून छातीपर्यंत भगवी छाटी ओढलेली, हातात काठी, कमरेत वाकलेली. तोंडातून शब्द नाही, नुसती झोळी पुढं केलेली. आईच्या अंगावर काटा आलेला मला दिसला. तिनं वडिलांना हाक मारली, पंक्तीतले यात्रेकरू खरकट्या हातांनी उठून आले. आईनं तांब्याभर पाण्यानं ते पाय धुतले, कुंकू लावलं, खालचं पाणी ओंजळीत घेऊन प्याली, डोळ्यांना लावलं. मग झोळीत भात, वरण, तुपानं निथळणाऱ्या पुरणपोळ्या. बहिणीला ओढून पुढं घातलं आणि तिचं डोकं त्या पायांवर टेकवलं. यात्रेकरू रांग धरून उभे राहिले.

माधुकरी दारात खायची नसते. ती नदीवर न्यायची, देवाला दाखवायची, मग प्रसाद म्हणून घ्यायची. पोरासोरांनाही हे ठाऊक. पण गरम पुरणाचा वास त्या छाटीच्या आत गेला असावा. झोळीत एक हात शिरला, पोळी वर आली आणि छाटीच्या आत गेली. मग दुसरी. चावल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. घाईघाईत छाटी मागं सरकली आणि समोर आक्का उभी होती, दोन्ही गाल फुगलेले, हनुवटीवर तूप.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. आई हसली नाही. तिनं पुढं होऊन झोळी काढून घेतली आणि बोळातल्या गाईपुढं रिकामी केली. परत येऊन आक्काच्या हातातली अर्धी पोळी बोटं उलगडून सोडवून घेतली. "तुझ्या पायाचं पाणी पिले मी," एवढंच ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली.

आक्का घास तोंडात धरून उभी होती. ना चावत होती, ना गिळत होती. तसंच अडखळत तिनं विचारलं,

"माय, तोंडातला तेवढा गिळू का?"

"थूक," आई म्हणाली.

आणि ती थुंकली. उंबऱ्याबाहेर, नीट वाकून, कुणाच्या अंगावर उडू नये अशा बेतानं. मग काठी उचलून ऊन टाळत भिंतीकडेनं निघून गेली. मला आईचा असा राग आला की त्या दिवशी मी जेवले नाही. तो राग अजून आहे, आणि आई जाऊन किती काळ लोटला तरी तो कमी करायची मला गरज वाटलेली नाही. आक्का पुन्हा बोळात दिसली नाही. गुलबर्ग्याच्या गाडीत चढताना पाहिली असं एक जण म्हणाला, संगमाकडं जाताना पाहिली असं दुसरा. शोधायला कोणी गेलं नाही. बहिणीचं लग्न पुढच्याच उन्हाळ्यात जमलं, आणि आईनं मोठी पंगत घातली.

ती देवभोळी आणि हाताची सढळ म्हणून गावात शेवटपर्यंत नावाजली गेली. गाव बदललं, बोळात सिमेंट आलं, खोल्यांवर मजले चढले, तरी भर दुपारी दाराशी तिचं वाढणं काही थांबलं नाही. फक्त एक बदल तिनं केला. आलेल्याच्या झोळीत काही पडण्याआधी ती म्हणायची, तोंड दाव. त्यानंतर मरेपर्यंत तिनं असंख्य तोंडं पाहिली. सगळी माणसांचीच निघाली.