ताईंची पोटदुखी

ताईंना घोळबाईचा हेवा वाटतो, हे एक ताई सोडून सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. ताई त्याला हेवा म्हणत नसत. "मला काय करायचंय म्हणा, पण..." अशी सुरुवात करून त्या पाव तास बोलत, आणि त्या पाव तासात घोळबाईचा यथास्थित उद्धार होई.

'घोळबाई' हे नावही ताईंनीच ठेवलेलं. त्या रंगाच्या कारखान्यात वरच्या मजल्यावर दोन साहेब बसत. मोठ्या साहेबांच्या सेक्रेटरी ताई, चौदा वर्षं झालेली. धाकट्या साहेबांची सेक्रेटरी ही. हिने एकदा साहेबांना तिकीट काढून दिलं एका गावाचं आणि हॉटेल दुसऱ्याच गावातलं. एकदा एकाच वेळेला दोन पाहुणे बोलावून त्यांना एकाच सोफ्यावर बसवलं, आणि ते निघाले एकमेकांचे हाडवैरी. शेवटी धाकट्या साहेबांनी हात टेकले आणि तिला खाली गोदामात 'ऑपरेशन्स'ला पाठवून दिलं. माल कुठे ठेवायचा, कोणत्या ट्रकमध्ये चढवायचा, तो कधी निघणार, हे सगळं बघणारं ते खातं. ताईंनी तिला तोंडभरून शुभेच्छा दिल्या आणि जिना चढताना पोटभर हसून घेतलं.

तीन वर्षांनी घोळबाई ऑपरेशन्स मॅनेजर झाली.

ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या कामात कुणी एक चूक दाखवावी! मोठे साहेब कुठेही वीस मिनिटं उशिरा पोचणारे, म्हणून ताई त्यांच्या डायरीत प्रत्येक वेळ अर्धा तास आधीची लिहीत. बाराची बैठक असली की साडेअकराला. चौदा वर्षांत साहेबांना एकदाही उशीर झाला नव्हता, आणि आपण फार वक्तशीर आहोत असा त्यांचा गोड गैरसमज होता.

"जिला काम येत नाही तिला वर चढवायचं आणि जिला येतं तिला जागच्या जागी कुजवायचं. हा कुठला न्याय हो?" ताईंनी घरी नवऱ्याला विचारलं.

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. तो म्हणाला, "अगं, तिला कुणी चढवलं नाही, ढकललंय. तुला ढकलायला कुणी तयार नाही, हे तुझं दुखणं."

"मला काही दुखतबिखत नाही."

"मग माग की तूही."

त्याने थट्टा केली होती; ताईंनी मनावर घेतलं. ऑपरेशन्समध्ये असिस्टंट मॅनेजरची जागा रिकामी होती, ती त्यांनी मोठ्या साहेबांकडे मागितली. साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही गेलात तर माझं पान हलायचं नाही." एरवी या वाक्याने ताईंना गुदगुल्या होत. त्या दिवशी मात्र कुणीतरी बाहेरून कडी घातल्यासारखं वाटलं. त्या हटून बसल्या, तेव्हा साहेबांनी तोड काढली. ताईंनी आठवडाभर खाली काम करून बघायचं. जमलं की नाही, ते तिथल्या मॅनेजरने सांगायचं. नाही जमलं तर मुकाट्याने वर यायचं आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

तिथली मॅनेजर म्हणजे अर्थात घोळबाई.

"ताई, या या! किती बरं वाटलं म्हणून सांगू," ती म्हणाली, आणि तिला खरंच बरं वाटत होतं, याचाच ताईंना जास्त राग आला. तिच्या पायात जाड बूट, गळ्यात शिट्टी, कानामागे खडू. ड्रायव्हर तिला लांबून हात करत. हमाल तिच्याकडे घरची गाऱ्हाणी घेऊन येत. वर हिला दोन पाहुणे सांभाळता आले नव्हते आणि इथे चाळीस माणसं हिच्या शिट्टीवर चालत होती. ताईंना तिच्या बुटांचासुद्धा हेवा वाटला.

गुरुवारी बारा ट्रकांच्या वेळा ठरवायचं काम ताईंकडे आलं. माल चढवायचे ओटे तीनच, म्हणून त्यांनी तीन-तीन ट्रकांचा सुबक तक्ता केला आणि फोनवर प्रत्येक ड्रायव्हरला सवयीने अर्धा तास आधीची वेळ सांगितली. ड्रायव्हर काही साहेब नव्हते. ते सांगितलेल्या वेळेला हजर झाले; हमाल मात्र तक्त्यातल्या वेळेलाच कामाला लागले. आधीचे ट्रक भरून व्हायच्या आत पुढचे येत गेले, लहानशा आवारात दाटी झाली आणि दोन ट्रक फाटकातच अडकले. भरलेले बाहेर निघेनात, रिकामे आत येईनात. हॉर्नचा नुसता कल्लोळ! वरच्या खिडकीत मोठे साहेब येऊन उभे राहिले.

घोळबाईने आवाजही चढवला नाही. तिने खडूने एकेका ट्रकच्या काचेवर नंबर टाकला, शिट्टी तोंडात धरली आणि तासाभरात आवार मोकळं केलं. मग तक्ता आणि ड्रायव्हरांना सांगितलेल्या वेळा ताडून पाहून ती हसली. "अहो ताई, ही माणसं वेळेवर येतात!" टोमणा असता तर ताईंनी परत केला असता. पण टोमणा नव्हता.

शुक्रवारी वर बैठक झाली. मोठ्या साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "काल खाली काय गोंधळ होता?"

ताई तोंड उघडणार तोच घोळबाई म्हणाली, "माझ्याकडून झाला, साहेब. वेळा ठरवताना लक्ष नव्हतं माझं."

"घोळबाई ती घोळबाईच!" धाकटे साहेब म्हणाले, आणि सगळे हसले. तीही हसली.

ताई गप्प बसल्या. जागा वाचली होती. आता फक्त गप्पच बसायचं होतं. हा डाग हिच्या नावावर राहिला तर उद्या हिची खुर्चीही रिकामी होईल, असंही मनात येऊन गेलं. मग त्यांनी घोळबाईकडे पाहिलं. तिच्या कपाळावर एक आठी नव्हती. आणि ताईंच्या पोटात असं दुखलं, की तसं तीन वर्षांत दुखलं नव्हतं. मॅनेजर झाली, एक वेळ ठीक. पण मनाच्या मोठेपणातही हीच पुढे? जन्मभर हिच्या उपकाराखाली राहायचं? छे!

"खोटं बोलतेय ती," ताई ताडकन उठून म्हणाल्या. "वेळा मी दिल्या. प्रत्येकाला अर्धा तास आधीची."

"अर्धा तास आधी? असं कोण सांगतं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

ताईंची नजर साहेबांपुढच्या डायरीकडे गेली.

साहेबांना आनंद लपवता येईना. "म्हणजे नाही जमलं. सोमवारपासून वर."

"जमलं की नाही ते मी सांगायचं ठरलं होतं ना, साहेब?" घोळबाई म्हणाली. "जमलंय. मला ताई हव्यात."

संध्याकाळी घरी येऊन ताई पर्सही न ठेवता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या आणि रडायला लागल्या.

नवरा घाबरला. "अगं, जागा मिळाली ना?"

"मिळाली हो."

"मग?"

"मी गप्प बसले होते," ताई म्हणाल्या. "थोडाच वेळ, पण बसले होते. तिला तेवढाही वेळ लागला नाही."