आमच्या घराला पॉइंट दोन

हसणार नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगते. ताईला बघायला अकोल्याचे पाहुणे आले, त्या दिवशी मी जे केलं ते आठवलं की अजून माझे कान तापतात.

विज्ञान प्रदर्शनात माझा विषय होता, आपली गल्ली राहायला किती चांगली? सरांनी त्यासाठी फझी पद्धत शिकवली होती. म्हणजे नुसतं 'चांगली' किंवा 'वाईट' म्हणायचं नाही. थोडी चांगली, बरीच वाईट, असं शून्य ते एकच्या मधलं माप द्यायचं. पाण्याला वेगळं, सावलीला वेगळं, शांततेला वेगळं. "आणि स्वतःच्या घराला सूट नको!" हे सरांनी बजावलं होतं.

पण लोकांना विचारणार कोण? मी? वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज फुटत नाही! म्हणून सगळी मापं मीच ठरवून वहीत लिहिली होती.

इकडे ताईला मुलगा फोटोतच आवडला होता. आठवडाभर ती हळू बोलायचा सराव करत होती.

त्या दुपारी आईनं मला दही आणायला पिटाळलं. परत येताना कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली जरीकाठाच्या साडीतल्या एक अनोळखी काकू उभ्या.

"काय वं बाई, या गल्लीत पाणी येते का बराबर?"

बघा! कोणीतरी आपणहून मला विचारत होतं! मी सुरूच झाले.

"पाण्याले पॉइंट सहा, काकू. सावलीले पॉइंट आठ."

"बापा! आन् ते निळ्या फाटकाचं घर?"

निळं फाटक आमचंच. पण सूट नको ना! मी अगदी परक्यासारखं सांगितलं, "शांततेले पॉइंट दोन."

"कावून वं?"

"कूलर खडखडते. तिथले काका घोरतात. आन् मोठी पोरगी नळावर भांडते. तिचा आवाज चौकापर्यंत जाते."

"अन् लहानी?"

"ते लय शांत हाय. तिले पॉइंट नऊ."

तुम्ही म्हणाल, स्थळाकडची माणसं आधी गल्लीत चौकशी करतात, एवढंही तुला माहीत नव्हतं? होतं हो! पण माझ्या डोक्यात चौकशीला मिशीवाले काका येतात, आणि तेही पानठेल्यावर.

तासाभरानं मी पोह्यांचा ट्रे घेऊन बैठकीत गेले. ताई मान खाली घालून बसलेली. आई सांगत होती, "आमची मोठी भलतीच शांत हाय. घरात हाय का नाही, समजत नाही." आणि समोर, मुलाच्या शेजारी, तीच जरीकाठाची साडी!

मी ट्रे तोंडासमोर धरला.

"अवो, हे तं पॉइंटवाली पोरगी!" काकू ओरडल्या. आणि त्यांनी सगळं सांगितलं. कूलर, घोरणं, नळ, सगळं! बाबा उगाच कूलरची जाळी तपासायला लागले. आईकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. ताईकडे बघितलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी. जमीन फाटावी असं म्हणतात ना, मी खरंच फरशीकडे बघत होते.

"रडते कावून वं माय?" काकू ताईजवळ सरकल्या. "आमच्या इकडं नळ कवा येईन, नेम नाही. माये गुडघे गेले. अन् हा आमचा बबन! भरलेली बादली दुसऱ्याले देऊन वापस येते. आमाले भांडणारीच पायजे व्हती!"

मुलगा लाजला. ताई हसली. लग्न ठरलं!

पाहुणे गेल्यावर मी हळूच म्हटलं, "ताई, चुकलं माझं. पण पाह्य ना, माझ्या मापामुळंच..."

"मापामुळं?" आठवडाभर दाबून ठेवलेला आवाज एकदम सुटला. "मले नळावर भांडते म्हणून सांगते, अन् सोताले पॉइंट नऊ? बहीण म्हणून तुले शून्य! निस्तं शून्य!"

चौकापर्यंत ऐकू गेलं.

फझी पद्धतीत निव्वळ शून्य सहसा कोणाला मिळत नाही, असं सर म्हणतात. मला मिळालं.