व्यवसाय, एका शब्दात

ज्या दिवशी मी देश सोडला त्या सकाळी मी सतरा पोरांची वजनं घेतली. तलासरीपासून आत, डोंगराच्या बाजूला आमचा पाडा आहे आणि पाड्याच्या तोंडाशी अंगणवाडीच्या दोन खोल्या. मी तिथली सेविका होते. माझ्या जागी मदतनीस वनिताबाईंकडे चार्ज द्यायचा होता. आमच्या पर्यवेक्षिका मॅडमचं म्हणणं होतं की त्या महिन्याची वजनं भरल्याशिवाय माझी शेवटची सही होणार नाही. त्यामुळे मुंबईला विमानतळावर न्यायला आलेली जीप बाहेर उभी होती, जीपमध्ये माझी बॅग होती, बॅगेशेजारी बाबा होते, आणि मी आत टांगत्या काट्यात एकेक पोर बसवत होते. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. तिसऱ्यांदा बाबांनीच त्याला थांबवलं असावं.

आई ओट्यावर बसून होती. ती रडली नाही, मीही नाही. वनिताबाई तेवढ्या रडल्या, पण काट्याची सुई वाचताना त्यांचा आवाज हलला नाही. शेवटी रोशनी आली. अडीच वर्षांची, नऊ किलो दोनशे. तिचा आकडा मी लाल शाईने लिहिला, सही केली आणि जीपमध्ये जाऊन बसले. 

हे मी दोन प्रकारच्या लोकांसाठी लिहिते आहे. एक, जे तिथेच राहिले आणि विचारतात की तिकडे जायला नेमकं काय करावं लागतं. दुसरे, जे माझ्यासारखे आले आणि कशाबद्दलच फार बोलत नाहीत.

माझा नवरा दिनेश शेजारच्या पाड्याचा. आश्रमशाळेत तो माझ्या दोन वर्षं पुढे होता. नर्सिंग करून तो वापीच्या एका खाजगी दवाखान्यात लागला. लग्नानंतर वर्षभरात त्याने जर्मनीला जायचं ठरवलं. तिथे म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला माणसं कमी आहेत, हे त्याला बरोबरीच्या एका केरळी मुलाने सांगितलं होतं. मुंबईत खोली घेऊन तो भाषा शिकला, परीक्षा दिल्या, कामाचा व्हिसा मिळवला आणि गेला. जाताना म्हणाला, सहा महिन्यांत तुला बोलावतो. त्याला दोन वर्षं लागली, आणि त्यातला काही काळ माझ्यामुळे गेला.

बायकोच्या व्हिसासाठी त्या वेळी मलाही जर्मनची पहिली परीक्षा पास व्हायला लागणार होती. मी बारावी झालेली. घरात आम्ही आमची बोली बोलतो, शाळेत मराठी, उंबरगाव-संजाणच्या बाजारात गुजराती, टीव्हीवरची हिंदी. (आई-बाबांचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे, एवढं ध्यानात घ्या.) त्यामुळे नवीन भाषेची मला भीती वाटली नाही. फोनवर क्लास लावला. घरात नेटवर्क नव्हतं, ते पाण्याच्या टाकीजवळ यायचं. टाकीच्या पायरीवर बसून मी शब्द पाठ करायचे आणि दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत पोरांची वजनं जर्मनमध्ये पुटपुटायचे. दोन-तीन पोरं ते ऐकून तसंच म्हणायला लागली. एकीची आई विचारत आली की बाई, नॉइन म्हणजे चांगलं का वाईट. मी म्हटलं, नॉइन म्हणजे नऊ, आणि नऊ कमी आहे, अंडं खायला घाला.

तोंडी परीक्षेत सुरुवातीला एक कागद समोर ठेवतात. त्यावर सात शब्द असतात: नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, व्यवसाय, छंद. एकेका शब्दावर एकेक वाक्य बोलायचं. दिनेश रोज फोनवर माझ्याकडून ती सात वाक्यं म्हणून घ्यायचा. व्यवसाय आला की मी थांबायचे.

"हाउसफ्राउ म्हण. गृहिणी. एका शब्दात सुटतेस," तो म्हणाला.

"मी गृहिणी नाही."

"तिथे तेच सोपं जातं. अंगणवाडी म्हणालीस तर समजणार नाहीत. समजलं तर प्रमाणपत्र मागतील."

मी हो म्हटलं आणि पाठ केलं. पण ते मला लागलं होतं. सेविकेची जागा मला अर्ज करून, तीन फेऱ्या मारून मिळाली होती. आमच्या घरात शिक्का मारून सही करणारी मी पहिली. बाबा नरपडला एका चिकूच्या वाडीवर राखणीला असतात. शनिवारी घरी आले की माझं रजिस्टर मागून घ्यायचे आणि नुसतं चाळायचे. त्यांना वाचता येत नाही.

परीक्षा मुंबईत होती. लेखी ठीक गेली. तोंडीला टेबलामागे दोन बाया बसल्या होत्या, दोघी चांगल्या होत्या, हसून बोलत होत्या. नाव सांगितलं, वय सांगितलं, देश, ठिकाण, भाषा. मग व्यवसाय. मला शब्द येत होता. तो तोंडात तयार होता. मी तो बोलले नाही. त्यातल्या एकीने दोनदा हळू आवाजात आठवण करून दिली. मी कागदाकडे बघत गप्प बसले. त्यानंतरच्या प्रश्नांनाही मी नीट उत्तरं दिली नाहीत. थोड्या गुणांनी नापास झाले.

घरी आणि दिनेशला मी सांगितलं की घाबरले. सगळ्यांना ते पटलं. मी घाबरले नव्हते. पास झाले तर अंगणवाडी सोडावी लागेल आणि मग तोच एक शब्द माझ्यापुढे उरेल, हे मला त्या टेबलासमोर नीट कळलं आणि मी तोंड उघडलं नाही. हे मी दिनेशला आजवर सांगितलेलं नाही. हे वाचेल तेव्हा त्याला कळेल.

पाड्यावर बोलणं सुरू झालं होतं. नवरा दीड वर्ष तिकडे, ही इकडे, मूल नाही. बाबा म्हणाले, नवऱ्याकडे जायचं त्यात विचार कसला करायचा? आईने काहीच मत दिलं नाही. एकदा भात पाखडताना तिने फक्त विचारलं की तिकडे तुला दिवसभर काय काम असेल. मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "मग ते आधी विचारून घे."

मी दिनेशला फोनवर तेच विचारलं. तो चिडला. म्हणाला, आधी पास तर हो. मी म्हटलं, मला नवरा हवा आहे, मास्तर नको. तीन दिवस आम्ही बोललो नाही. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा त्याने कसलीही प्रस्तावना न करता एक वाक्य सांगितलं: इश आर्बाइट मिट क्लायनन किंडर्न. मी लहान मुलांबरोबर काम करते. "याला कोणी प्रमाणपत्र मागणार नाही," तो म्हणाला, "आणि खोटंही नाही."

मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. त्याचं नर्सिंगचं शिक्षण तिथे लगेच धरलं नव्हतं. पहिलं वर्षभर त्याने मदतनीस म्हणून ट्रे उचलले, चादरी बदलल्या. इंजेक्शन द्यायची परवानगी नव्हती. कोणी व्यवसाय विचारला की तोही घुटमळायचा. हे त्याने आम्हाला कोणालाच कळू दिलं नव्हतं. त्या दिवशी मला जायला हरकत नाही असं पहिल्यांदा वाटलं.

दुसऱ्या वेळी मी पास झाले. भाषांमध्ये आमच्या बोलीसकट पाच सांगितल्या. व्यवसायाचं वाक्य सांगितल्यावर बाईंनी पुढे विचारलं, किती मुलं? मी म्हटलं, सतरा. त्या हसल्या. बहुधा त्यांना ती माझी वाटली.

त्यानंतर कागद. आमचं लग्न पाड्यावर, आमच्या धवलेरीने, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणाऱ्या बाईने लावलेलं. नोंदणी नंतर ग्रामपंचायतीत झाली, म्हणून तारखा दोन. जन्मदाखल्यावर आईचं नाव एक, आधारवर दुसरं. एकेक चूक दुरुस्त करायला तहसील, डहाणू, परत तहसील. व्हिसाच्या खिडकीत लग्नाचे फोटो मागितले. ते पुढे सरकवले तेव्हा पलीकडच्या माणसाने फोटोत भिंतीवर पांढऱ्या रंगाने काढलेल्या लग्नाच्या चौकावर बोट ठेवून विचारलं की हे चित्र कोणी काढलं. मी म्हटलं, माझ्या मावशीने. फाइलमधल्या कागदांखेरीज त्याने विचारलेला तो एकच प्रश्न. दहा आठवड्यांनी पासपोर्ट आला.

आम्ही राहतो ते गाव लहान आहे. एक नदी, एक कारखाना, दोन वृद्धाश्रम. पहिले आठ महिने मी एका शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी धुतली. पोरं ताटात अर्धं टाकून जायची आणि ते बादलीत ओतायचं काम माझं. सुरुवातीला मला ते जमायचं नाही, बादलीपाशी हात थांबायचा. आता जमतं. हे मी अभिमानाने सांगत नाही आणि लाजूनही नाही.

त्या काळात मी वनिताबाईंना दर महिन्याला फोन करून रोशनीचं वजन विचारायचे. नऊ चारशे. नऊ सातशे. मग एका महिन्यात पुन्हा नऊ पाचशे. मी फोनवर सांगायला लागले की हे करा, ते करा, दवाखान्यात न्या. वनिताबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, आता ती माझ्या रजिस्टरात आहे. तुम्ही विचारता तेव्हा मला मॅडम विचारतात असं वाटतं. नका विचारू." त्यांचं बरोबर होतं. मी विचारणं थांबवलं. पुढे केव्हातरी त्यांनीच सांगितलं की रोशनी पहिलीत गेली.

भाषेच्या आणखी दोन परीक्षा झाल्या, मग मदतनिसाचं शिक्षण, आणि गेल्या वर्षापासून मी इथल्या बालवाडीत आहे. तीन वर्षांपर्यंतची मुलं आमच्या गटात. इथे पोरांचं वजन कोणी घेत नाही. पहिल्या आठवड्यात एका मुलाला उचलून घेतलं आणि मनात आकडा आला: चौदा, चौदा दोनशे. अजूनही येतो.

या वर्षी आईला बोलवायचं ठरलं. पाहुण्यांचा व्हिसा. यात उलटं असतं. माझ्या वेळी मला दाखवायचं होतं की मी तिथे राहू शकेन. आईने दाखवायचं होतं की ती राहणार नाही. परत येण्याचं कारण काय, असा रकानाच आहे. नोकरी, पेन्शन, मालमत्ता असं काहीतरी लागतं. जमीन आजोबांच्या नावावर, तीही थोडी. आम्ही जमेल ते भरलं आणि नकार येणार असं गृहीत धरलं.

बाबा तिला मुंबईला घेऊन गेले. खिडकीतल्या बाईंनी मराठीत विचारलं की मुलगी तिकडे आहे, जावई आहे, मग तुम्ही परत कशाला याल? आई म्हणाली, "आवणी आहे ना." बाईंना शब्द कळला नाही. आईने समजावून सांगितलं की जूनमध्ये भात पेरायचा, रोप वर आलं की उपटून चिखलात लावायचं, ते आठ-दहा दिवसांतच करावं लागतं, नंतर रोप म्हातारं होतं. आणि लावायला तिच्या जावा दोघीच आहेत, त्यांतल्या एकीचा गुडघा गेलेला आहे. बाबा सांगतात की बाईंनी हे सगळं लिहून घेतलं. व्हिसा मिळाला. तो आवणीमुळेच मिळाला असं मी म्हणत नाही.

ती सात आठवडे राहिली. थंडीबद्दल तिने तक्रार केली नाही, जेवणाबद्दल थोडी केली. तिला सगळ्यात नवल वाटलं ते शेतांचं. "शेतं आहेत, माणसं नाहीत. लावतं कोण?" मी तिला एकदा रस्त्याच्या कडेला नेऊन ट्रॅक्टर दाखवला. ती तासभर उभी राहून बघत होती. परत येताना म्हणाली, एकटाच होता बिचारा.

व्हिसाचे दिवस अजून शिल्लक होते. मी म्हटलं, आणखी पंधरा दिवस राहा, आवणी जुलैत आहे. ती म्हणाली, पेरणी कोण बघणार? मी वाद घातला नाही. तिच्याकडे कारण होतं, ते तिने सरकारी खिडकीतही सांगितलं होतं आणि ते खरं होतं. त्या रात्री मी विचार केला की आज मला कोणी विचारलं, तू तलासरीला परत कशाला जाशील, तर मी काय लिहीन? आई-बाबा आहेत, पाडा आहे, एवढं लिहीन. पण माझ्यावाचून अडून राहिलेलं तिथे काही नाही. वनिताबाईंचं रजिस्टर चालू आहे. आईच्या दोघी जावांबरोबर लावायला यंदापासून माझ्या चुलतभावाची बायको येणार आहे. हे मी मोजून बघितलं आणि मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही.

तिचं विमान सोमवारी होतं. दिनेशने रजा काढली होती, तो तिला सोडायला जाणार होता. मीही जाणार होते. रविवारी संध्याकाळी बालवाडीतून फोन आला की सकाळची बाई आजारी आहे. सकाळी साडेसहाला कोणीतरी हवं, कारखान्याची पाळी सात वाजता सुरू होते, आयांना पोरं सोडून जायचं असतं. मी म्हटलं, विचारून सांगते. आईने फोन कोणाचा ते विचारलं. मी सांगितलं.

सकाळी मी उठले तेव्हा तिने आधीच चहा केला होता आणि नवीन साडी नेसून, डोक्याला रुमाल बांधून ती बॅगेजवळ तयार बसली होती. मी तिच्या पाया पडले. आणखी थोडा वेळ तिच्याजवळ बसावं असं मनात होतं. सव्वासहा वाजले होते. परतीचा प्रवास तिचा होता, पण दारात ती उभी राहिली आणि बाहेर पडले मी.

"जा," ती म्हणाली. "पोरं येऊन उभी राहिली असतील."