गांजाच्या वाफ्याला पाणी

आमच्या कॉलेजच्या मागे वनौषधींची एक लहानशी बाग आहे. अडुळसा, शतावरी, गुळवेल अशी नेहमीची झाडं तिथे आहेतच. पण काही वर्षांपूर्वी एका कोपऱ्यात, उंच लोखंडी जाळीच्या आत, गांजाचाही एक वाफा होता. संशोधनासाठी सरकारची रीतसर परवानगी काढून लावलेला. वनस्पतिशास्त्र मी शिकवते, त्यामुळे जबाबदारी माझ्या नावावर आणि जाळीची किल्ली माझ्या पर्समध्ये.

त्या वर्षीचा मे महिना भयंकर होता. सकाळी नऊलाच रस्ते ओस पडायचे. कॉलेजला सुट्टी लागली आणि त्याच सुमाराला आमच्या माळीदादांचे वडील गावी, पिशोरला, घरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. दादा बागेच्या काळजीनं जायला तयार होईनात. मी त्यांना म्हटलं, तुम्ही निघा, बाग मी बघते.

शहरात नळाला पाणी येतं ते आठवड्यातून एखाद्या दिवशी, म्हणून बागेचा हौद टँकरनं भरून घ्यावा लागे. मी उजाडता उजाडता स्कूटीवरून जायची. वाफ्यावर उसाचं पाचट अंथरलं होतं, ते हातानं बाजूला सारायचं, माती बोटानं चाचपायची आणि ओल संपली असेल तिथेच बुंध्यापाशी सावकाश पाणी सोडायचं. पश्चिमेच्या बाजूला हिरवी नेट बांधून घेतली, तरी दुपारच्या झळा आत शिरायच्याच. एक रोप तेवढ्यातही वाळून गेलं.

झाडं मोजायला दर आठवड्याला ठाण्यातून एक हवालदार येत. निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. खुलताबादकडच्या एका गावात मेंढ्यांमागे हिंडत त्यांचं लहानपण गेलेलं. वाळलेल्या रोपाचा पंचनामा त्यांनीच केला, तोही एखाद्या माणसाचा करावा इतक्या हळहळीनं. ते नेमके भर दुपारी यायचे. पानं खाली लोंबलेली बघून त्यांचा जीव कासावीस व्हायचा. पाणी द्या म्हणायचे. मी सांगितलं, उन्हापासून जीव वाचवायला झाड पानं खाली सोडतं, संध्याकाळी ती आपोआप उभी राहतात; तापलेल्या मातीत आता पाणी सारखं ओतत राहिलं तर मुळं कुजतील. त्यांना ते पटलं नसावं. त्याच संध्याकाळी साध्या कपड्यांत पुन्हा आले, जाळीला नाक लावून पानं बघितली, समाधानानं मान हलवली आणि गेले.

त्यानंतर ते अधूनमधून सकाळीही येऊ लागले. ड्यूटीवर जाण्याआधी हौदातून बादल्या भरून द्यायचे. माझं मोठं काम हलकं व्हायचं. मला वाटायचं, रानात वाढलेल्या माणसाला शहरात करमत नसेल, म्हणून येत असतील.

एका सकाळी बादली ठेवून ते हौदाच्या कठड्यावर बसले. बराच वेळ नुसते हात धूत राहिले.

“मॅडम, एक इचारू का? रागावू नका.”

मी विचारा म्हटलं.

“या पाल्यानं दुखणं कमी होतं म्हणत्यात. माझ्या मंडळीला कॅन्सर हाय. हाडात गेलाय. मूठभर पाला दिला तर कुणाला काय कळणार नाय.”

मी पाइप बंद केला. झाडं मोजणारा माणूसच हे मागत होता, आणि त्याला हे मागताना काय वाटत असेल ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. देता येणार नाही, असं मी सांगितलं. नियमाचं कारण होतंच. पण या पाल्यात काय किती आहे, त्यांच्या पत्नीच्या चालू औषधांबरोबर तो पोटात गेला तर काय होईल, हे मलाही ठाऊक नव्हतं. ते लगेच उठले. वर्दीतल्या माणसानं असं विचारायलाच नको होतं म्हणाले. विचारण्यात गुन्हा नाही म्हणून मी त्यांना परत बसवलं आणि डॉक्टरांनी दुखण्यावर काय दिलंय ते विचारलं.

तेव्हा कळलं की डॉक्टरांना दुखण्याबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं. बाईंच्या मनात पक्कं बसलं होतं की दुखतंय म्हटलं तर आजार वाढला असं ठरेल आणि उपचार बंद करून घरी पाठवतील. प्रत्येक तपासणीला त्या बरं आहे म्हणायच्या. हवालदार शेजारी गप्प उभे राहायचे.

बाईंचे उपचार चालू होते त्याच हॉस्पिटलच्या औषध विभागात माझी एक जुनी विद्यार्थिनी काम करते. मी तिथूनच तिला फोन लावला. नुसतं दुखणं आटोक्यात ठेवण्यासाठी तिथे वेगळा डॉक्टर बसतो, त्यासाठी उपचार थांबवावे लागत नाहीत, असं तिनं सांगितलं. दोन दिवसांनी मी त्या दोघांबरोबर गेले.

बाई बारीक, डोक्यावरचा पदर नीट सावरून बसलेल्या. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठे दुखतं, किती दुखतं. त्या नेहमीसारखं हसून म्हणाल्या, “बरं हाय की.”

हवालदार भिंतीला टेकून उभे होते. ते खाली बघतच बोलले, “खोटं बोलती. रातभर पदराचा बोळा तोंडात धरती. मी जागाच असतो.”

बाईंनी वळून नवऱ्याकडे बघितलं. तो झोपेत असतो, असंच त्या इतके महिने समजत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. थोड्या वेळानं बाईंनी स्वतःच कंबरेवर हात ठेवून जागा दाखवली, मग मांडी, मग खांदा.

मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या. कधी घ्यायच्या, पोट साफ राहायला बरोबर काय घ्यायचं, सगळं समजावून सांगितलं गेलं. त्या आठवड्यात हवालदार झाडं मोजायला आले ते दाढी करून, ताजेतवाने होऊन. ती झोपते म्हणाले. काल ज्वारीची अख्खी भाकरी खाल्ली आणि वर मिरचीचा ठेचा मागितला.

जूनच्या सुरुवातीला एका संध्याकाळी ते बाईंना घेऊन बागेत आले. ते झाड बघायचं, असा बाईंचा हट्टच होता. नियमाप्रमाणे त्यांना जाळीच्या आत नेता येत नव्हतं. बाहेरूनच त्यांनी कंबरेएवढी वाढलेली झाडं निरखली. अंबाडीसारखं दिसतं म्हणाल्या, याला एवढी जाळी कशाला? मग पाणी मी देऊ का, असं विचारलं. मी पाइपचं तोंड जाळीतून आत सारलं आणि पाइप त्यांच्या हातात दिला. दिवसभर उन्हात पडलेल्या पाइपमधून आधी कढत पाणी येतं, ते त्यांनी वाफ्याबाहेर वाहू दिलं. धार गार झाल्यावर पाइप झाडांकडे वळवला. हवालदार मागे उभे राहून, त्यांच्या खांद्याला हात न लावता, पण लावायच्या बेतात, बघत होते.

माळीदादा परत आले आणि माझी सकाळची फेरी थांबली. बाई दिवाळीनंतर गेल्या. हवालदार निवृत्त होऊन गावी राहायला गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला ओट्यावर बसवून चहा दिला. शेवटच्या दिवसांबद्दल ते आपण होऊन बोलले.

“आधी ती दुखणं लपवायची, मी जागरण लपवायचो. नंतर लपवायला काय उरलंच नाय. लई बोललो आम्ही. लग्नापासून एवढं बोललो नव्हतो.”