केळीचा चीक

रिठे पाण्यात भिजत घातले की तासाभराने त्यांना किंचित आंबूस, किंचित मातकट असा एक गंध सुटतो, आणि तो आला की माघातली एक कोवळी सकाळ, काळ्या मोटारीचं उघडं दार आणि त्या दारातून आत ओणवे झालेले सुपडूभाऊ मला दिसू लागतात. परवा अकोल्याहून भाचा नवी मोटार घेऊन आला. त्याच्या पिशवीत बाटल्याच बाटल्या होत्या. काचेची निराळी, बैठकीची निराळी, आणि सगळं झाल्यावर आत फवारायची सुगंधी आणखी निराळी. “मावशी, गाडी आतून साफ करायला नेमकं काय काय लागतं गं?” असं त्याने विचारलं ते थट्टेनेच, कारण जगातल्या यच्चयावत गोष्टींवर मला मत असतं हे आमच्या घरी सर्वश्रुत आहे. मी उठले आणि रिठे भिजत घातले.

याच भाच्याच्या आईचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, कुमुदचं लग्न ठरलं तो काळ राज्यांच्या जुळवाजुळवीचा होता. आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली होती, आणि कालपर्यंत आमच्याच राज्यात असलेलं अकोला एकाएकी दुसऱ्या राज्याचं झालं होतं. तापी तीच होती, सिंधीपुऱ्यातलं आमचं भाड्याचं घरही तेच. पण तहसील कचेरीतल्या नानांच्या टेबलावरचे शिक्के बदलले होते आणि त्यांचे विदर्भाकडचे सहकारी एकेक करून बदली मागून घेत होते. नाना मात्र इथेच राहिले. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. माझं लग्न झालेलं नव्हतं, पुढेही झालं नाही, त्याची हकिगत निराळी.

नानांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही. शेजारून विरजण आणलेलंही त्यांना खपत नसे. पण मुलगी आता परराज्यात जाणार, ती टांग्यात हिंदकळत स्टेशनवर जायला नको, असं काहीसं त्यांच्या मनाने घेतलं असावं. एक दिवस टोपी नीट करून ते राजपुऱ्यातल्या डॉक्टरांकडे गेले आणि त्यांची मोटार मागून आले. डॉक्टर त्या चार दिवसांत मुंबईला जाणार होते, म्हणून त्यांनी ड्रायव्हरसकट मोटार दिली. नाना घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा परीक्षा देऊन आलेल्या विद्यार्थ्यासारखा झाला होता. ते एवढंच म्हणाले की मोटार जशी येईल तशीच परत गेली पाहिजे.

ती मोटार बाहेरून काळीभोर आणि आतून फिकट राखाडी लोकरी कापडाची होती; दार उघडलं की जुन्या लोकरीचा, औषधांचा आणि कापराचा एक शांत, शीतल वास यायचा. डॉक्टरांचा तिच्यापुरता एकच नियम होता. गाडीतून माणसं जातील, सामान जाणार नाही. मागच्या बैठकीवर तुपाचा डबा ठेवला म्हणून आधीच्या ड्रायव्हरला त्यांनी त्याच दिवशी काढून टाकलं होतं, आणि त्याच्या जागी तापीकाठच्या केळीच्या गावातले सुपडूभाऊ आले होते. लोधीपुऱ्यात एका खोलीत त्यांचा पाच माणसांचा संसार होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवाच्या दारी बांधायचे केळीचे खांब घेऊन येणारी बैलगाडी काही आली नाही. मी नदीकाठच्या एका नातलगाला अक्षत द्यायला मोटारीने गेले होते आणि समोर त्यांची केळीची बाग उभी होती. दवाने निथळणारी पानं, त्यांच्यातून गाळून खाली उतरणारं हिरवट ऊन, पायाखालच्या ओल्या मातीचा दाट गंध. अशा ठिकाणी उभं राहिलं की माणसाला आपण फार व्यवहारचतुर आहोत असं वाटू लागतं, निदान मला वाटलं. सुपडूभाऊ मोटारीसाठी पाणी आणायला विहिरीवर गेले होते. तेवढ्यात मी गड्यांकडून चार खांब कापून घेतले, घरून बरोबर आणलेले नानांच्या नागपूरच्या वर्तमानपत्राचे अंक मागच्या बैठकीवर पसरले आणि त्यावर खांब आडवे घालून घेतले. शेंडे खिडकीबाहेर, बुंधे आत. सुपडूभाऊ बादली घेऊन आले, थबकले आणि फक्त “ताई” म्हणाले. मी म्हटलं, दोन मैलांचा तर प्रश्न आहे, आणि खाली कागद घातलेत की. लग्नघरच्या थोरल्या मुलीला कोण अडवणार? त्यांनी मोटारीत पाणी भरलं आणि ते स्टिअरिंगवर बसले. मी मागे कोपऱ्यात, खांब घसरू नयेत म्हणून त्यांना कवेत धरून बसले.

केळीचा चीक ओला असताना पाण्यासारखा दिसतो. खांब उतरवल्यावर कागद भिजलेले दिसले, त्यांवर छापलेले नव्या राज्यांचे नकाशे विरघळून एकमेकांत गेले होते; मी ते चुरगळून फेकले आणि कामाला लागले. लग्न झालं. खांब उतरताच बैठकीवर अंथरलेली पांढरी चादर तशीच ठेवून कुमुदची पाठवणी झाली, आणि ती त्या चादरीवर बसून रडत रडत स्टेशनवर गेली. रविवारी सकाळी सुपडूभाऊंनी चादर उचलली. राखाडी कापडावर ताटाएवढा डाग होता, मधोमध काळपट आणि कडेला कात रंगाचा.

डॉक्टर सोमवारी पहाटेच्या गाडीने यायचे होते आणि त्यांना आणायला हीच मोटार स्टेशनवर जायची होती. म्हणजे हातात एक दिवस, आणि त्या दिवसाच्या पलीकडे सुपडूभाऊंची नोकरी. मी शिक्षिका, यादी केली की निम्मं काम उरकलं अशी माझी समजूत. मी यादी केली आणि निघाले. वाण्याने घासलेट सुचवलं, रंगाऱ्याने लिंबू आणि मीठ, शेजारच्या काकूंनी आंबट ताक, शिंप्याने खडूची भुकटी. मी सगळंच घेतलं, वर कपडे धुण्याचा सोडाही घेतला, आणि लग्नाचं उरलंसुरलं सामान वाहावं तशी पिशवी भरून परतले.

सुपडूभाऊंनी पिशवीत डोकावून पाहिलं. मग पुढच्या बैठकीखालून पत्र्याची एक छोटी पेटी काढली. तिच्यात जुन्या धोतराचे तीन तुकडे होते. एक धुळीचा, एक ओला, एक कोरडा, आणि एकाचं काम दुसऱ्याला कधी सांगायचं नाही असा त्यांचा दंडक. झिजलेला दाढीचा ब्रश होता, सांध्याकोपऱ्यांतली धूळ काढण्यासाठी. रिठ्यांची पुरचुंडी, वाळलेला कडुनिंब आणि कापराच्या दोन वड्या. एवढंच. तेवढ्या सामानावर ती मोटार पाच वर्षं लोकरीचा तो शांत वास सांभाळून होती.

“ताई, डाग काय मांगते ते नाही पाहायचं,” ते म्हणाले. “कापड काय सोसते ते पाहायचं. हा केयीचा चीक हाये. आमच्या गावात बागेत जायचे कपडेच अलग राहतात.”

म्हणजे त्यांना बागेतच ठाऊक होतं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी जास्तच काम करते. मी लिंबू चोळलं, घासलेटाचा बोळा फिरवला, ताक लावून पाहिलं. डागाभोवती तेवढी एक फिकट कड उमटली. शेवटी सुपडूभाऊंनी माझ्या हातातलं फडकं हळूच काढून घेतलं, कारण कापडाची लव उठू लागली होती. मग त्यांनी सगळी मोटार आतून स्वच्छ केली. ब्रशने शिवणी झाडल्या, रिठ्याच्या फेसाने छतापासून पायदानापर्यंत सगळं पुसून काढलं, उन्हाकडे दारं उघडी टाकली, कडुनिंब बैठकीखाली सारला. दुपारच्या तिरप्या उन्हात ती मोटार इतकी निर्मळ दिसत होती की आता कुणालाही आधी तो डागच दिसला असता. नाना दिवसभर ओट्यावर खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते, आणि ओट्यावरून मोटारीचं फक्त नाक दिसायचं याचं मला समाधान होतं. संध्याकाळी त्यांनी विचारलं, “झालं का साफ?” मी हो म्हणाले. नानांशी मी बोललेलं ते बहुधा पहिलं धडधडीत खोटं असावं.

सोमवारी शाळेपूर्वी मी दवाखान्यात गेले. घरून निघताना खुंटीवर नानांची टोपी नव्हती; ते रोजच्यासारखे फिरायला गेले असतील असं मी धरून चालले. डॉक्टर प्रवासाच्या कपड्यांतच बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की खांब मी ठेवून घेतले, सुपडूभाऊंनी मला अडवायला पाहिलं होतं, त्यांना काढू नका.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. “सुपडू स्टेशनवरच म्हणाला, खांब त्याने ठेवले. मघाशी तुझे वडील येऊन गेले. ते म्हणतात, ठेवायला त्यांनी सांगितलं. आता तू.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “खांब किती होते?”

“चार.”

“मग चौथा अजून यायचाय,” असं म्हणून त्यांनी बाहेर हाक मारली, “सुपडू, गाडी काढ. राजपुऱ्यातच दोन घरी जायचंय.” आणि बॅग उचलून ते डागाच्या बाजूनेच मोटारीत चढले.

मी शाळेत न जाता घरी आले. नानांना कसं कळलं हे काही केल्या उमगत नव्हतं. अंगणात आईने शनिवारी धुतलेले लग्नाचे कपडे अजून दोरीवर होते, आणि ओट्यावरच्या नानांच्या खुर्चीसमोर, अगदी नजरेच्या रेषेत, माझं अंजिरी लुगडं वाळत होतं. त्याच्या पदरावर, कवेत खांब धरले होते तिथे, मोटारीतल्यासारखाच काळपट डाग होता. साऱ्या गावातून डागावरची औषधं गोळा करत हिंडताना मला स्वतःच्या पदराकडे पाहायचं सुचलं नव्हतं. नाना मात्र रविवारभर त्याच्यासमोर बसले होते, आणि संध्याकाळी त्यांनी मला एकदा विचारूनही पाहिलं होतं.

ते फिरून आले, टोपी खुंटीला लावली, चहा मागितला. मी दिला. पुढे ते वीस वर्षं जगले. त्यांनी तो विषय काढला नाही आणि माझंही धाडस झालं नाही. ते सुपडूभाऊंसाठी गेले होते, की माझ्यासाठी, की आयुष्यात एकदाच मागितलेल्या त्या वस्तूसाठी, हे मला आजही माहीत नाही. मला एवढंच कळतं की त्या सकाळी डॉक्टरांसमोर आम्ही तिघं उभे राहिलो. दोघं खोटं बोलले, खरं बोलणारी मी एकटी, आणि मीच सर्वांत उशिरा पोहोचले.

भाच्याला मी रिठ्याचं पाणी गाळून दिलं आणि त्या जुन्या अंजिरी लुगड्याचे तीन तुकडे फाडून दिले. त्याने त्यातला एक उजेडात धरला आणि म्हणाला, “मावशी, याला डाग आहे.” मी म्हटलं, तो राहू दे, तो स्वच्छच आहे.