शिळे पाणी

भोपाळला, बरखेड्यातल्या कारखान्याच्या क्वार्टरांमध्ये कमलिनीच्या घरचे पाणी सगळ्यांना ठाऊक होते. सकाळी नळ आला की ती आधी कालचे सगळे पाणी मोरीत ओतून देई, चिंच लावून हंडा-कळशी लख्ख घासे आणि मगच ताजे भरी. शिळे पाणी प्यायचे नाही, हे तिच्या आईचे वळण. शेजारची पंजाबी बाई म्हणायची, "मराठन भाभी, पानी भी कभी बासी होता है क्या?" त्या हसण्यात कमलिनीला कौतुकच ऐकू येई.

नवरा अच्युत कारखान्यात फोरमन होता. त्याचे गाव सह्याद्रीच्या एका अवघड उतारावर, महाबळेश्वराच्या पलीकडे. दोघे जात ते दिवाळीत, आणि तेव्हा सबंध डोंगर झिरपत असे. वाटेने चालताना पायाला पाणी लागे. मे महिन्यात जाण्याची वेळ लग्नानंतर प्रथमच आली, तीही पुतणीसाठी. थोरल्या दिरांच्या, गोपीनाथांच्या सुलभाला बघायला पाहुणे यायचे होते.

रेल्वे, मग एस.टी., मग चढण असे करीत दोघे संध्याकाळी पोचले. थोरली जाऊ लीलावती हिने कमलिनीला भाकरीच्या परातीला हात लावू दिला नाही.

"बस गं तू. भोपाळच्या साहेबीणबाई, दमला असाल."

लीलावती मायेनेच बोलली होती, तरी ते कमलिनीला लागले. या घरात आपण नेहमीच्या पाहुण्याच का? उद्या सगळ्यांच्या आधी उठायचे, असे तिने ठरवले.

ती उठली तेव्हा लीलावती गोठ्यात धार काढत होती. स्वयंपाकघरात हंडे, घागरी, कळशा गळ्यापर्यंत भरून ठेवलेल्या, वर ओली फडकी. कालचे पाणी. पाहुण्यांना का शिळे पाणी द्यायचे? कमलिनीने पदर खोचला आणि एकेक भांडे परसात नेऊन केळीच्या बुंध्याशी रिकामे केले. मग चिंच घेऊन बसली. पितळ असे उजळले की तिचे तिलाच बरे वाटले. भांडी उपडी मांडून होतात तोच लीलावती दुधाची चरवी घेऊन आली.

"अक्का, पाणी कुठून भरायचं? मी आणते."

लीलावतीने भांडी पाहिली. मग केळीखालचा चिखल पाहिला. चरवी खाली ठेवून तिने दोन कळशा उचलल्या.

"झऱ्यावरून," ती म्हणाली. "चल."

झरा खाली दरीत होता. कमलिनीला वाटले होते, दिवाळीसारखी धार असेल. कातळात ताटाएवढी खळगी होती आणि तिच्या तळाशी पाणी पाझरत होते. एक बाई करवंटीने ते टिपून घागरीत ओतत होती. बाकीच्या आपापली भांडी मागे लावून सावलीला बसल्या होत्या. घरातले ते हंडे कसे भरले असतील, किती खेपांनी, हे कमलिनीला तिथे उभ्या उभ्या कळले.

लीलावतीने आजवर कुणाकडे चिमूटभर मीठसुद्धा मागितले नव्हते. ती म्हणाली, "बायांनो, आज मला पुढं जाऊ द्या. दुपारी सुलभाला बघायला येतात."

"कालच तर तुझं घर भरलं होतं की गं."

"मांजरानं लवंडलं."

"समदं?" पाटलांची म्हातारी म्हणाली. "मांजर होतं का रेडा?"

सगळ्या हसल्या. रांगेतली एक बाई म्हणाली, "पाहुणे यायच्या दिवशी तरी झाकायचं, लीलावती. पोरीला असंच वळण दिलंस का?"

"चुकलं खरं," लीलावती म्हणाली.

एकजण कमलिनीकडे वळली. "तुमच्या भोपाळला मोठं तळं आहे म्हणे. येताना आणायचं की तांब्याभर."

पाणी मी ओतले, एवढेच म्हणायचे होते. शब्द ओठाशी आले होते. कमलिनी हसली, पाहुणे हसतात तशी, आणि गप्प राहिली.

बायका बाजूला सरल्या. कुणी अर्धी कळशी दिली. म्हातारीने तर भरलेली घागर तशीच लीलावतीच्या डोक्यावर चढवली. दुपारी पाहुणे आले, पाणी प्याले, जेवले. सुलभा पसंत पडली.

संध्याकाळी कमलिनी म्हणाली, "अक्का, मी बोलायला हवं होतं."

"आता कशाला? जमलं ना सुलभाचं. तू चार दिवस आलीस, तेवढ्यात कशाला वाईटपणा घेतेस?"

भोपाळला परतल्यावर कमलिनीला त्या चिखलापेक्षा लीलावतीचे 'चुकलं खरं' अधिक छळू लागले. अच्युतलाही तिने ते सांगितले नाही. पुढल्या मे महिन्यात मात्र हट्टाने त्याला रजा काढायला लावली आणि पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी एकटीच कळशी घेऊन दरीत उतरली. त्याच बायका बसल्या होत्या. तिने कळशी खाली ठेवली.

"मागच्या वर्षी अक्कांचं पाणी मी ओतलं होतं. शिळं म्हणून. त्यांनी माझ्या चुकीवर पांघरूण घातलं."

कुणी दचकले नाही. म्हातारी करवंटी चालवता चालवता म्हणाली, "ठावं हाय की."

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? तुझं लुगडं गुडघ्यापतुर भिजल्यालं, हाताला चिंचेचा वास. आन् मांजर या गावात कुणाकडं हाय गं? बिबट्या ऱ्हाऊ देतोय व्हय?"

"मग तुम्ही अक्कांना का बोललात?"

"मग काय तुला बोलायचं?" म्हातारीला प्रश्नच कळला नाही. "पाव्हण्या बाईला कुणी बोलतं का?"

कमलिनीचे कान तापले. वर्षभर ज्या गोष्टीचे ओझे ती एकटी वाहत होती, ती साऱ्या गावाने मिळून झाकून ठेवली होती. आणि ती झाकता यावी म्हणून लीलावतीने चार जणींत बोलणी खाल्ली होती.

"ये, तू भरून घे आधी," म्हातारी सरकली. "उन्हाची सवय न्हाई तुला."

कमलिनीने मान हलवली. कळशी उचलून ती रांगेच्या शेवटी गेली आणि कातळावर बसली. म्हातारी आणखी एकदा बोलवेल, या भीतीने तिने वर पाहिलेच नाही.